वरच्या मजल्यावर ९४ च्या पुढे स्पीड जातच नाही. नवा फास्ट ॲक्सेस पॉइंट घ्यावा का? (नागपूर)

मनीषनगरकर
राम राम मंडळी. घर मनीष नगरला. खाली आम्ही राहतो, वरच्या मजल्यावर बायकोचं ऑफिस आहे, जीएसटी-इन्कम टॅक्सचं काम, ती धरून पाच जणी. नेट ३०० एमबीपीएसचं. फायबरचा डबा खाली हॉलमध्ये, तिथून एक लॅन केबल बाहेरच्या भिंतीवरून वर गेली आहे अन् वर पॅसेजच्या खिडकीशी जुना राऊटर ठेवला आहे, २०१९ चा, एसी१२००, म्हणजे वायफाय ५ चा. खाली फोनवर २८०-२९० येतात. वर मात्र राऊटरच्या पुढ्यात उभं राहिलं तरी ९३-९४, आणि मागच्या खोलीत, जिथे सगळ्या बसतात, तिथे १५-२०. होळीपर्यंत तिथे ४०-५० तरी यायचे. आता पोर्टलवर फाईल चढवताना ते चाक गोल गोल फिरत राहते अन् बायको माझ्याकडे पाहते, जसं काही पोर्टल मीच बनवलं.

तर वर नवीन ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर वाटणारा डबा) लावायचा विचार आहे. वायफाय ६ घेऊ की डायरेक्ट ७? बजेट ८-१० हजार. छताला लावायचा तो गोल पांढरा चांगला की मेश (आपसात वायफायनेच बोलणारे दोन-तीन डबे)? बर्डीवरचा दुकानदार म्हणून राहिला ७ च घ्या, फ्यूचर प्रूफ आहे.

तर्रीबाज
दुकानदाराचं फ्यूचर प्रूफ होते भाऊ, आपलं नाई.

बुटीबोरी_अपडाऊन
७ घ्या. पैसे एकदाच जातात. मी मागच्या वर्षी ६ घेतला अन् सहा महिन्यांत ७ तेवढ्याच किमतीला दिसायला लागला, अजून जळते.

संत्राबर्फी
आधी हे सांगा की ऑफिसात लॅपटॉप अन् फोन कोणते आहेत. कारण ॲक्सेस पॉइंट कितीही नवा आणला तरी समोरचा लॅपटॉप वायफाय ५ चा असेल तर तो ५ मध्येच बोलणार. आयफोनमध्ये वायफाय ६ हा ११ पासून आला, सॅमसंगच्या गॅलेक्सीत एस१० पासून, दोन्ही २०१९ चे. वायफाय ७ आयफोनला १६ पासून. तुमच्याकडे २०१८ चे लॅपटॉप असतील (टॅक्सवाल्यांकडे असतातच, टॅली चालते ना मग बस) तर ७ घेणं म्हणजे बैलगाडीसाठी समृद्धी महामार्ग.

दुसरं असं की ७ ची खरी गंमत ३२० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनलमध्ये आहे आणि तेवढी रुंद जागा फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळते. आपल्याकडे त्या पट्ट्याच्या खालच्या भागासाठी, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, सरकारने मे २०२५ मध्ये मसुदा नियम काढले, घराच्या आत कमी पॉवर अन् बाहेर अगदीच कमी पॉवर अशा अटींवर. बॉक्सवर ७ लिहिलं म्हणून त्यात ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ असेलच असं नाही, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांमध्ये फक्त २.४ अन् ५ असतात. बॉक्स उलटा करून पाहा.

तर्रीबाज
> बैलगाडीसाठी समृद्धी महामार्ग

ताई, समृद्धीवर बैलगाडीला परवानगीच नाई. म्हणजे उदाहरण अजूनच फिट बसलं.

महालचा_वाडा
आमचा जुना वाडा आहे, भिंती दोन-दोन फुटांच्या, विटा अन् चुन्याच्या. मी आधी रिपीटर लावला, वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा. मग अजून एक रिपीटर लावला. शेवटी असं झालं की फोनला पाची दांड्या फुल अन् व्हॉट्सॲपचा फोटो उतरता उतरेना. नंतर एकाने समजावलं की साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकते त्याच रेडिओवर पुढे सांगते, त्यामुळे स्पीड अर्ध्यावर येते, अन् दोन लावले की अर्ध्याचं अर्धं. आता तीन खोल्यांत केबल ओढून तीन ॲक्सेस पॉइंट आहेत. आजोबांच्या देवघराच्या भिंतीला ड्रिल मारताना घरात जे महाभारत झालं ते वेगळ्या धाग्यात सांगीन.

तुमच्याकडे केबल आधीच वर गेली आहे, अर्धी लढाई जिंकलेली आहे. मेशच्या भानगडीत पडू नका.

पाहुणा_पुणेकर
मेशला उगाच नावं ठेवू नका. ट्रायबँड मेश घेतलं तर एक रेडिओ फक्त आपसात बोलायला राखून ठेवता येतो. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये उत्तम चालतं.

महालचा_वाडा
कोथरूडच्या फ्लॅटची भिंत सहा इंची हो भाऊ. आमच्या भिंतीत तुमचा फ्लॅट मावते.

कूलरमेव_जयते
धागाकर्ते, एक प्रश्न. होळीनंतर स्लो झालं म्हणता. होळीनंतर तुम्ही कूलर कुठे बसवला?

मनीषनगरकर
@कूलरमेव_जयते पॅसेजच्या खिडकीत. दरवर्षी तिथेच असते, मोठा लोखंडी, चार फुटी. का?

कूलरमेव_जयते
अन् राऊटर "पॅसेजच्या खिडकीशी". म्हणजे राऊटर आणि मागची खोली यांच्या मध्ये चार फूट पत्रा, तीन बाजूंनी ओल्या ताट्या अन् खाली टाकीत पाऊणशे लिटर पाणी. वायफायला अडवायला याहून चांगली भिंत इंजिनिअरसुद्धा बांधू शकत नाही. पत्र्यावरून सिग्नल परत फिरते आणि पाणी तो पिऊन टाकते. आमच्या घरी दरवर्षी एप्रिलमध्ये "नेट खराब झालं" अन् ऑगस्टमध्ये "नेट सुधारलं" असं व्हायचं, पाच वर्षं मी केबलवाल्याला शिव्या दिल्या बिचाऱ्याला.

पाहुणा_पुणेकर
गंमत म्हणून विचारतो, एसी का लावत नाही तुम्ही लोक?

तर्रीबाज
मे महिन्यात एकदा या, मग सांगतो. दुपारी दोन वाजता गच्चीवर बसून सांगीन.

झिरोमाईल
एसी आहे हो, पण हॉलमध्ये सहा माणसं, दार सताड उघडं, आई स्वयंपाकघरात, तिथे एसीचं काय चालते? कूलर सगळ्या घराला हवा देते. आणि वाळ्याचा तो वास एसीत कुठला. (अवांतराबद्दल माफी.)

आरजे४५
कूलरचं बरोबर आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ. मी हेच काम करतो, ऑफिसांचं नेटवर्किंग, म्हणून आल्या आल्या मला दुसरीच गोष्ट दिसली. राऊटरच्या पुढ्यात ९३-९४. ९० नाही, १०५ नाही, बरोबर ९४. हा आकडा वायफायचा नाहीच. १०० एमबीपीएसच्या लॅन लिंकवर पॅकेटची हेडरं वगैरे वजा जाता हातात जे उरते ते साधारण ९४. म्हणजे खालून वर येणारी लाईनच १०० वर अडकली आहे. आता तुम्ही वर वायफाय ६ लावा, ७ लावा, ७० लावा, आकडा ९४ च येणार. पाण्याची लाईन अर्ध्या इंचाची आणि वर शॉवर इम्पोर्टेड.

कारणं तीनच असू शकतात. एक, वरच्या राऊटरचे पोर्टच १०० चे असतील, एसी१२०० लिहिलेल्या स्वस्त मॉडेलांत हे सर्रास असते. दोन, खालच्या फायबरच्या डब्यात तुम्ही चुकीच्या पोर्टात केबल खोचली, काही डब्यांना एकच पोर्ट गिगाबिट असते अन् बाकीचे १०० चे. तीन, केबलमध्ये आठपैकी चारच तारा चालू आहेत. १०० साठी दोन जोड्या पुरतात, नारिंगी अन् हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी कुठेही तुटली की दोन्हीकडचे पोर्ट मुकाट्याने १०० वर येऊन बसतात, कोणी तक्रार करत नाही, लाईट लागलेला असते, नेट चालू असते.

आधी लॅपटॉप घ्या, वरच्या केबलचं टोक राऊटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा अन् लिंक स्पीड पाहा. १.० जीबीपीएस दिसला तर राऊटर दोषी, १०० दिसला तर केबल किंवा खालचं पोर्ट. हे केल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

संत्राबर्फी
९४ वरून ओळखलं! मानलं. वाचनखूण साठवली.

बुटीबोरी_अपडाऊन
मग मी माझ्या घरी ९४ येतात म्हणून इतके दिवस खुश होतो ते काय? प्लॅन २०० चा आहे 😐

तर्रीबाज
आता कळलं ६ घेऊनही काऊन जळते ते.

निवृत्त_तारमास्तर
तरुण मंडळींना या जुन्या माणसाचीही एक सूचना. बाहेरच्या भिंतीवरून केबल गेली आहे म्हणता. नागपूरच्या उन्हात साधी घरातली पीव्हीसी केबल दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते, हाताने वाकवली की वरचं साल तडकते, पहिल्या पावसात पाणी आत शिरते. बाहेर लावायची काळी, जाड आवरणाची केबल वेगळी मिळते, ती घ्यावी, नाहीतर किमान पाईपातून न्यावी. आणि मृगाच्या आधी जो कडकडाट होतो त्यात उघड्यावरून गेलेल्या केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. माझे दोनदा जळले आहेत. ढग दाटून आले की मी आजही उठून केबल काढून ठेवतो, सौ. हसतात.

गच्चीवरचा
काका +१. आमच्याकडे विजेच्या आधी माकडांनीच काम केलं. फुटाळ्याकडे राहणाऱ्यांना माहीत आहे.

मनीषनगरकर
सगळ्यांचे आभार. आज रविवार होता, केलं सगळं. राऊटरच्या खाली लिहिलं आहे १०/१००/१०००, म्हणजे राऊटर निर्दोष. खालच्या डब्यात पोर्ट बदलून पाहिलं, फरक शून्य. केबल थेट लॅपटॉपला, १०० च दाखवते. मग शिडी लावून केबलच्या मागे मागे गेलो. पोर्चच्या वर, कूलरच्या स्टँडच्या बाजूला, काळ्या चिकटपट्टीचा एक मोठा गोळा. उकलला तर आत केबल कापलेली, नारिंगी अन् हिरव्या तारा पिळून जोडलेल्या, आणि निळ्या-तपकिरी तारा... गेटच्या बेलला!! तीन वर्षांपूर्वी बेल बसवली तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला होता "वायर शिल्लक आहे साहेब, नवीन लागत नाही." मीच खुश होऊन त्याला चहा पाजला होता.

तर्रीबाज
😂😂😂 दहा हजाराचा ॲक्सेस पॉइंट विरुद्ध दीडशेची बेल

झिरोमाईल
त्या माणसाचा सत्कार करा. चार तारांत नेट अन् चार तारांत दूधवाला, याला म्हणतात जुगाड.

आरजे४५
मी वीस वर्षांत सीसीटीव्ही पाहिला, इंटरकॉम पाहिला, एकदा तर तुळशीजवळचा दिवा पाहिला. बेल पहिल्यांदाच.

पण हसण्यावारी नेऊ नका, तुम्ही छताचा ॲक्सेस पॉइंट घेतला असता तर त्याला पॉवर केबलमधूनच जाते, पीओई. नियमातला पीओई, म्हणजे ८०२.३एएफ किंवा एटी, आधी समोर खरंच उपकरण आहे का ते तपासते अन् मगच ४८ व्होल्ट सोडते. पण स्वस्त पॅसिव्ह इंजेक्टर काही विचारत नाही, निळ्या-तपकिरी तारांवरून सरळ २४ व्होल्ट ढकलते. तुमची बेल रात्रंदिवस वाजली असती किंवा जळली असती. त्यामुळे घ्याल तेव्हा एएफ किंवा एटी लिहिलेलं पाहूनच घ्या, आणि पॅसिव्हवाला इंजेक्टर दुसऱ्याच ब्रँडच्या ॲक्सेस पॉइंटला लावायचा प्रयोग करू नका.

तो जोड काढून टाका. जोड द्यायचा नाही, पूर्ण केबल नवीन ओढा, कॅट ६, अस्सल तांब्याची. दुकानात पुष्कळ ठिकाणी सीसीए देतात, ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. ओळखायचं सोपं आहे, एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी चकाकली तर परत करा. डब्बा उचलून पाहिला तरी कळते, सीसीएचा हलका लागते.

बुटीबोरी_अपडाऊन
आत्ताच खरवडून आलो. पांढरी.

तर्रीबाज
भाऊ तुम्ही नवीन धागा काढा आता.

महालचा_वाडा
मी अजून ६ की ७ च्या उत्तराची वाट पाहून राहिलो.

पाहुणा_पुणेकर
मुद्द्यावर येऊ. केबल सुधारल्यावर जुना एसी१२०० पुरेल का? माझ्या मते पुरणार नाही. त्यातला ५ गिगाहर्ट्झचा भाग ८६७ चा, तोही लिंक रेट, म्हणजे कागदावरचा वेग, हातात येतात त्याच्या निम्मे, आणि एक भिंत मध्ये आली की अजून कमी. पाच लॅपटॉप, पाच-सहा फोन, प्रिंटर, कॅमेरे असतील तर वायफाय ६ मध्ये एकाच वेळी अनेकांना थोडं थोडं वाढायची जी सोय आहे (ओएफडीएमए) ती कामाला येते. पंगतीत एकच वाढपी एकेका पानाशी थांबून गप्पा मारत बसला तर शेवटच्याला भात थंडच मिळणार.

संत्राबर्फी
पुणेकरांशी पहिल्यांदाच सहमत. फक्त ओएफडीएमएचा फायदा समोरचे लॅपटॉपही ६ चे असतील तरच.

बॉक्सवरच्या आकड्यांबद्दलही सांगते. एएक्स३००० (एएक्स म्हणजे वायफाय ६) लिहिलं असते त्यात ५७४ हे २.४ चे अन् २४०२ हे ५ चे, दोन्हींची नुसती बेरीज. आणि २४०२ कधी, तर १६० मेगाहर्ट्झ चालू केलं तर. ८० वर तो १२०१ च असते, म्हणजे एएक्स१८०० एवढाच. ५ गिगाहर्ट्झमध्ये १६० करायला गेलं की डीएफएसचे चॅनल घ्यावेच लागतात, जिथे रडारला पहिला मान आहे. ॲक्सेस पॉइंटला रडारसारखं काही ऐकू आलं की तो चॅनल सोडून पळते, अन् नवीन डीएफएस चॅनलवर आधी एक मिनिट गप्प बसून कानोसा घेते. तेवढा वेळ नेट गुल.

गच्चीवरचा
आमचं घर सोनेगावला, विमानतळाच्या जवळ. दिवसातून दोनदा वायफाय गायब व्हायचं, मी म्हणायचो विमान आलं की नेट जाते, घरचे वेड्यात काढायचे.

संत्राबर्फी
@गच्चीवरचा विमानच असेल असं नाही, खोट्या चाहुलीवरही पळतात ते. काहीही असो, चॅनल ३६ किंवा १४९ वर फिक्स करा, रुंदी ८०. संपला विषय. २.४ ला १, ६, ११ पैकी जो रिकामा असेल तो, रुंदी २० च.

निवृत्त_तारमास्तर
अजून एक. जुना राऊटर वापरा की नवा, तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्येच ठेवा. मोड नसेल तर डीएचसीपी (प्रत्येक लॅपटॉप-फोनला नेटवर्कचा पत्ता वाटायची सोय) बंद करून केबल वॅनऐवजी, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या भोकाऐवजी, लॅनच्या भोकात लावा. नाहीतर वर एक जाळं अन् खाली एक, आणि वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही. आमच्या सोसायटीत या एका कारणावरून सचिवांनी नवीन प्रिंटर घेतला होता. दोन्हीकडे वायफायचं नाव अन् पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप उडी मारतो.

कूलरमेव_जयते
आणि राऊटर कूलरच्या मागून काढा रे बाबा आधी! फुकट आहे हे. पश्चिमेची खिडकी असेल तर उन्हानेही मरून राहिला असेल तो, बहुतेक घरगुती मॉडेलांच्या माहितीपत्रकात ० ते ४० डिग्री लिहिलेलं असते अन् आपल्याकडे मे मध्ये सावलीतच ४५.

मनीषनगरकर
दहा दिवसांनी अपडेट द्यायला आलो. क्रमाने सांगतो, प्रत्येक वेळी मागच्या खोलीत त्याच टेबलावर, त्याच फोनवर मोजलं.

जुनी केबल, कूलरच्या मागे: १८.
नवीन कॅट ६ (खरवडून पाहिली, दुकानदाराने विचित्र नजरेने पाहिलं), राऊटर तिथेच: ३५. राऊटरच्या पुढ्यात मात्र २७०!
जुना राऊटर कूलरच्या मागून काढून पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या वर: ११०. खर्च एक खिळा.

इथे मी थांबणार होतो खरं म्हणजे. पण महिनाअखेरीस पाचही जणी एकदम बसल्या, व्हिडिओ कॉल, बॅकअप, सगळं एकत्र, की परत रडारड. म्हणून मग एएक्स३०००, छताला लावायचा, ८०२.३एटी, मागच्या खोलीच्या मधोमध. वायफाय ६ च घेतला, कारण पाचपैकी तीन लॅपटॉप ६ चे निघाले, ७ चा एकही नाही. पीओई स्विच खाली इन्व्हर्टरच्या लाईनवर लावला, आता वीज गेली तरी वर चालू राहते. ८० वर, चॅनल ३६. आता २५०-२६० येतात.

एक लॅपटॉप मात्र जिथल्या तिथे, ४० च्या वर जात नाही.

आरजे४५
त्याचं वायफाय कार्ड फक्त २.४ चं असणार, एका अँटिनाचं. २० रुंदीवर त्याचा लिंक रेटच ७२. यूएसबीचा ड्युअल बँड डोंगल लावा किंवा त्याला सरळ केबल द्या.

मनीषनगरकर
बरोबर, तोच निघाला. केबलच देतो. आणि तो नेमका बायकोचाच आहे, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही.

बुटीबोरी_अपडाऊन
मी पण केबल बदलली. २०० च्या प्लॅनवर १९१. इतके दिवस अर्ध्या स्पीडचे पैसे भरून राहिलो होतो बाप्पा. जळणं बंद.

महालचा_वाडा
म्हणजे उत्तर ६. धन्यवाद. इतकं वाचल्यावर हे एक अक्षर मिळालं.

झिरोमाईल
बाकी सगळं ठीक, पण गेटच्या बेलचं काय झालं शेवटी?

मनीषनगरकर
बेल बंद आहे. नवीन वायर ओढायला त्याच इलेक्ट्रिशियनला बोलावलं, आल्या आल्या त्याने नवीन कॅट ६ कडे पाहिलं अन् म्हणाला, "साहेब, ही भारी आहे, यात तर आठ तारा आहेत." तिथूनच परत पाठवला. सध्या दूधवाला खालून आवाज देते.